सव्वादोनची बेरिंग

चिखलीहून उंद्रीला यायचं तर माणसं एस.टी.नं यायची, नाहीतर बैलगाडीनं, आणि ज्यांच्याकडे सायकल होती ती सायकलवर. आमचे मिस्त्री मात्र सायकल घेऊन पायी यायचे. सायकल हातात धरून, तिच्या बाजूबाजूनं चालत. हँडलला एकीकडे पान्यांची पिशवी, दुसरीकडे हातोड्यांची, मागे कॅरिअरवर ग्रीसचा डबा, आणि सीटवर घडी घातलेलं एक पोतं. त्या पोत्यावर कोणी बसलेलं मी जन्मात पाहिलं नाही. मी एकदा न राहवून विचारलंच, "चाचा, सायकलवर बसता येत नाही काय तुमाले?"

"येते ना," ते म्हणाले. "पण बसलो का वारा कानात भरते. मंग काही आयकू येत नाही."

त्यांना ऐकायची असायची ती इंजिनं. महाराष्ट्र तेव्हा नवानवाच झाला होता. आमच्या भागात वीज अजून यायची होती, आणि विहिरीविहिरीवर काळा धूर ओकणारी ऑइल इंजिनं बसत होती. मिस्त्री रस्त्यानं चालायचे ते दोन्ही बाजूंची इंजिनं ऐकत. कुठं एखादं खोकताना ऐकू आलं की सायकल बांधाला टेकवायची आणि सरळ शेतात शिरायचं. मालक आहे की नाही, त्यानं बोलावलंय की नाही, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नाही. एकदा एका शेतकऱ्याची न्याहारी चालली होती, आणि विहिरीवरचं इंजिन एकाएकी थांबलं. तो बिचारा चोर आला म्हणून काठी घेऊन धावला. पाहतो तर एक उंच, हडकुळा, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला म्हातारा इंजिनाचं डोकं उघडून बसलेला.

"कोणं बोलावलं बे तुले?"

"तुमी नाही बोलावलं," मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं. "तुमच्या इंजिननं बोलावलं. पाना द्या तो इकडं."

त्या शेतकऱ्यानं काठी खाली ठेवली आणि पाना दिला. हे मला त्यानंच माझ्या पिठाच्या चक्कीवर दळण आणलं तेव्हा सांगितलं. पाना का दिला हे त्याला सांगता आलं नाही. मिस्त्रींनी काही मागितलं की माणूस ते देऊनच मोकळा व्हायचा.

त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पण चहाचं आधण ठेवलं की अजून त्यांची आठवण येते, कारण त्यांचा चहाचा कायदा. मशीन चालू झाल्याशिवाय चहा नाही. पाणी चालेल, भाकर चालेल, चहा नाही. "बिमार माणसाच्या घरी कोणी चहा पेत बसते काय?" असं त्यांचं म्हणणं. उंद्रीच्या पलीकडे एका मळ्यात त्यांना एक इंजिन पुरे दोन दिवस लागलं. दोन दिवस हा माणूस चहावाचून राहिला. डोकं दुखायला लागलं तसं फडकं कपाळाला करकचून बांधलं, आणि घरातल्या लहानथोरांपासून गोठ्यातल्या म्हशीपर्यंत सगळ्यांवर खेकसत सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन लागलं तेव्हा त्या घरच्या बाईनं कपबशी नव्हे, तांब्या भरूनच चहा आणला.

आणि दुसरं म्हणजे ती काडी. बेरिंग गेली की नाही हे बाकीचे मिस्त्री कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावून बघायचे. आमचे मिस्त्री कडुलिंबाची हिरवी काडी तोडायचे, साल काढायचे, तिचं एक टोक मशीनला टेकवायचे आणि दुसरं दातात धरायचे. डोळे मिटून असे उभे राहायचे की नवख्याला वाटावं, हा माणूस मशीनचं दातवण करतोय. लोक हसायचे. ते काडी दातातच ठेवून सांगायचे, "कानाले भुलवता येते. दाताले कोणी भुलवून दाखवा."

खरं बोलण्याची मात्र त्यांना व्याधीच होती म्हणा ना. आमच्या पाटलांचं इंजिन सारखं बंद पडायचं. मिस्त्रींनी ते तपासलं आणि चारचौघांत निकाल दिला, "इंजिन चांगलं आहे. चालवणारा नालायक आहे." चालवणारे पाटीलच होते. पाटलांनी पुढे सहा महिने त्यांना दारात उभं केलं नाही आणि सातव्या महिन्यात स्वतःच बैलगाडी पाठवून बोलावून आणलं. कामाच्या बाबतीत तर त्यांचा ताठा काही औरच. "चूक इंजिनची असते, नाही तं मालकाची. मिस्त्रीची चूक निघाली तं त्यानं पाने नदीत फेकावं अन् बकऱ्या चाराव," असं ते सांगत. तशी त्यांची चूक कोणी काढलेलीही नव्हती.

आता माझ्या चक्कीबद्दल सांगायला हवं. माझे यजमान एस.टी.त कंडक्टर, ड्युटी मलकापूरकडे. आठवड्यातून एकदा घरी यायचे. हौशी माणूस. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतली जुनी विलायती चक्की आणि एक इंजिन त्यांनी उचलून आणलं, घराच्या पडवीत बसवलं, नारळ फोडला आणि ड्युटीवर निघून गेले. चालवायचं कोणी, हे ठरवायचं राहूनच गेलं. मग मीच चालवायला लागले. पहिल्या दिवशी इंजिनाचं हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि मी पोत्यांवर जाऊन पडले. आठव्या दिवशी मी दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं त्याच्या खाचा उकरायला शिकले. महिन्याभरात दोन बोटांत पीठ चोळून सांगायला लागले की दगड किती आवळायचा. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादं काम असं यायला लागलं होतं की ते घरात दुसऱ्या कोणालाही येत नव्हतं. त्याचा मला काय आनंद होता, हे आता सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा मी तो पदराखाली झाकून ठेवत होते.

झाकायचा तो माझ्या थोरल्या दिरांपासून. आमच्याकडे त्यांना भासरे म्हणतात. त्या काळी भासऱ्यांसमोर सुनेनं यायचं नाही, आलीच तर तोंड उघडायचं नाही, असा रिवाज होता. आमचे भासरे तर रोज सकाळी येऊन चक्कीपुढच्या कडुलिंबाखाली खाटेवर बसायचे. मग बोलायचं कसं? ते लिंबाकडं तोंड करून बोलत, आणि मी चक्कीकडं तोंड करून उत्तर देई.

"आज मशीन उशिरा काऊन लागली?" भासरे लिंबाला विचारीत.

"पट्टा सुटला होता म्हणा," मी चक्कीला सांगे.

असं आमचं बोलणं चालायचं. पण घरच्या सुनेनं पिठानं पांढरं होऊन परक्या माणसांची दळणं दळावीत, हे त्यांच्या मनाला काही पटलं नव्हतं. लिंबाला त्यांनी ते कैक वेळा सांगितलं होतं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांना ते शोभत नाही असं वाटत होतं, आणि शोभण्यापुढं आमच्याकडं कशाचं काही चालत नसे.

त्या साली फाल्गुनात पाटलांच्या घरी मुलीचं लग्न निघालं. हळदीपुरतं घरच्या जात्यावर दळून बायका गाणी म्हणणार आणि बाकी सगळे गहू माझ्या चक्कीवर येणार, असं ठरलं. लग्न गुरुवारी, पीठ मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोचायला हवं. शनिवारी दुपारी पोती येऊन पडली, आणि शनिवारी संध्याकाळी माझी चक्की किंचाळली. दुसरा शब्द नाही. आधी करकर, मग किंचाळी, मग जळका वास. मी पट्टा पाडला, इंजिन बंद केलं आणि तिथंच खाली बसले.

भासरे लिंबाला म्हणाले, "लग्नाचं दळण गावाबाहेर गेलं तं ह्या मशीनचा काही उपयोग नाही. देऊळगाव राजाचा एक जण घ्यायले तयार आहे. मंगळवारपर्यंत पाहू. नाही लागली तं देऊन टाकू."

मी चक्कीला काहीच सांगितलं नाही. मला ती जाऊ द्यायची नव्हती, एवढंच मला कळत होतं.

निरोप गेला, आणि रविवारी मिस्त्री आले. सायकल लिंबाला टेकवली, काडी तोडली, हातानं पुली फिरवत काडी दातात धरली. क्षणभरच. मग काडी थुंकून म्हणाले, "बेरिंग गेली."

गावात कोणी मशीन उघडायला बसलं की माणसं जमतातच. दारात पंधरावीस डोकी, त्यांच्या मागे खाटेवर भासरे. आत अंधार, म्हणून मी आरशाचा तुकडा घेऊन दारातल्या उन्हाचा कवडसा मिस्त्रींच्या हातावर पाडत उभी होते. त्यांनी बोल्ट काढले, झाकण उचललं, आणि त्यांचा हात थांबला.

ग्रीस लाल होतं. लालभडक. त्यांनी बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, उन्हात धरलं. मग चिमट्यानं बेरिंगच्या छऱ्यांमधून काहीतरी ओढून काढलं आणि तळहातावर ठेवलं. तांदळाचा अर्धा दाणा.

माझ्या हातातला कवडसा भिंतीवर थयथय नाचायला लागला.

मिस्त्रींनी पटकन त्यावर चिंधी टाकली आणि दाराकडं पाहून ओरडले, "उजेड अडवून राह्यले सारे! सरका मांगं!" माणसं चार पावलं मागे सरली. मग हळूच मला, "बाई, दसऱ्याले मशीनची पूजा कोणं केली?"

"म्या केली."

"हे कुंकू अन् अक्षता आत कशा गेल्या?"

चक्कीच्या बेरिंगवर एक पितळी टोपी असते. तिच्यात ग्रीस भरायचं आणि रोज ती थोडी आवळायची, म्हणजे ग्रीस आपोआप आत उतरतं. दसऱ्याला सगळेच आपापल्या अवजारांना हळदकुंकू वाहतात. मीही वाहिलं. पण मला वाटलं, वरून लावलेलं कुंकू पिठाच्या धुराळ्यात दोन दिवसांत पुसून जाणार, मग त्याचा मशीनला काय गुण? म्हणून मी टोपी उघडली, आत चांगलं मूठभर कुंकू घातलं, अक्षता घातल्या, हात जोडले आणि टोपी लावून टाकली.

"टोपीत घातलं," मी म्हटलं.

"अन् टोपी?"

"रोज सकाळी पाव फेरा आवळली. तुमीच सांगतलं होतं."

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत, एक दिवस न चुकता, मी माझ्या हातानं माझ्या मशीनच्या सांध्यात तांदळाची कणी ढकलत आले होते. मी रडकुंडीला आले.

"पूजेले मी नाव ठेवत नाही बाई," ते कुजबुजले. "पूजा चांगली होती. जागा चुकली."

तेवढ्यात बाहेरून भासऱ्यांचा आवाज आला. ह्या वेळी लिंबाला नव्हे, थेट मिस्त्रींना. "काय निघालं, मिस्त्री? कोणाची चूक आहे?"

हे बाहेर कळलं असतं तर मंगळवारची वाट पाहायचीही गरज नव्हती. बाईच्या हाती मशीन दिलं की हेच होणार, असं सारं गाव म्हणालं असतं, आणि त्यात खोटं तरी काय होतं? मिस्त्रींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग ते सगळं लाल ग्रीस चिंधीत पुसून घेतलं, चिंधी खिशात कोंबली आणि उठून दारात गेले.

"माझी," ते म्हणाले.

"आँ?"

"पोळ्याच्या टाइमाले मी आलतो, तवा फेल्टची चकती घालाची राह्यली. चकती नसली का धूळ आत जाते. धूळ गेली. माझी चूक आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्यानंतर सगळेच हसायला लागले. मिस्त्री मान खाली न घालता ते हसणं संपेपर्यंत दारात उभे राहिले. मी आतमध्ये आरसा पदरात लपवून उभी होते.

बेरिंगच्या कडेवर तिचा नंबर कोरलेला असतो. आमच्या बेरिंगवरचा केव्हाच घासून गेला होता. मी म्हटलं, जुनी बेरिंगच सोबत घेऊन जा खामगावला. तर नाही. त्यांचा तिथंही कायदा. नवी येईपर्यंत जुनीला तिच्या घराबाहेर, म्हणजे खाचेबाहेर, ठेवायचं नाही. "घर रिकामं राह्यलं नाही पाह्यजे." म्हणजे माप घ्यायचं आणि जुनी परत जागेवर बसवून ठेवायची. त्यांनी कॅलिपर लावलं आणि पुटपुटले, "विलायती माप आहे. आतून एक इंच, बाहेरून सव्वादोन."

"सव्वादोनची तं माझी बांगडी आहे," मी सहज बोलून गेले. कासाराकडं बांगडीचं माप असंच सांगतात, सव्वादोन, अडीच.

मिस्त्री माझ्या हाताकडं पाहत राहिले. मी एक हिरवी बांगडी काढून दिली. त्यांनी ती बेरिंगवर सरकवली आणि ती अशी अलगद, पण गच्च बसली की त्यांनी दोनदा काढून दोनदा घालून पाहिली. "कासारानं गेज बनवला!" त्या दिवसात ते पहिल्यांदाच हसले.

दळणाचे पैसे माझ्याकडं आणि भासऱ्यांनी मंगळवारपर्यंत मुभा दिलेली, म्हणून सोमवारी सकाळी ती बांगडी कापसात आणि रुमालात गुंडाळून आम्ही दोघं खामगावच्या एस.टी.त बसलो. ते पुढच्या बाकावर, मी बायकांत. मिस्त्रींनी एस.टी.त बसणं म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याला ताप. प्रत्येक गिअरला ते सांगणार, "आता नाही टाकाचा. आता टाका." तिसऱ्या स्टॉपला ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, उतरवून देईन." मी कंडक्टरची बायको आहे हे त्या कंडक्टरला ठाऊक होतं म्हणून निभावलं.

खामगाव म्हणजे कापसाची पेठ. जिनिंग-प्रेसच्या मागच्या गल्लीत जुन्या लोखंडाची दुकानं होती. पहिल्या दुकानदारानं झगझगीत खोक्यातून बेरिंग काढली. बांगडी बसली. माझा जीव भांड्यात पडणार, तोच मिस्त्रींनी ती बोटावर फिरवून काडी दातात धरली आणि खाली ठेवली. "डबा नवा आहे. आतला मुर्दा आहे. पॉलिश मारून बसवला." दुकानदार चिडला, मिस्त्री त्याच्यापेक्षा जास्त चिडले, आणि आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दुकानात काहीच नव्हतं. तिसऱ्यात एका मोडीत काढलेल्या प्रेसमधल्या बेरिंगा टोपल्यांत भरून ठेवल्या होत्या, बाजारात बटाटे ठेवतात तशा. मी पदर खोचून खाली बसले आणि एकेका बेरिंगला बांगडी घालून पाहायला लागले. गल्लीतली माणसं गोळा झाली. कासारानं बायकांना बांगड्या भरताना सगळ्यांनी पाहिलं होतं, बाईनं लोखंडाला भरताना कोणी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या टोपलीच्या तळाशी एक सापडली. काळी, तेलकट, कुरूप. मिस्त्रींनी ती केरोसिननं धुतली, फिरवली आणि काडी दातात धरून बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग खिशातून दुसरी काडी काढून, सोलून माझ्यापुढं केली.

"पाहा."

भर बाजारात, डोक्यावर पदर घेऊन, मी दातात काडी धरली. आधी काहीच कळलं नाही. मग दाढेतून एक बारीक, सलग थरथर आली. कुठं खडा नाही, कुठं अडखळ नाही. उत्तम दळलेलं पीठ बोटांत चोळल्यावर कळतं ना, तसं ते मला कळलं. मी मान हलवली.

"कळलं तुमाले," मिस्त्री म्हणाले, आणि एवढे खूष झाले की दुकानदाराशी घासाघीस करायचंच विसरले.

संध्याकाळी घरी येऊन मी चुलीवर कढई ठेवली. कढईत सरकीचं तेल, आणि तेलात बेरिंग. लोखंड तापलं की फुगतं, फुगलं की दांड्यावर सहज चढतं आणि थंड झालं की घट्ट बसतं, हे शास्त्र. "तळण्याचं काम तुमचं," मिस्त्री म्हणाले. "पण पिवळी नका पडू देऊ. पिवळी पडली का जान गेली." पुऱ्या तळताना मी इतकी कधी घाबरले नव्हते. त्यांनी इशारा केला, मी सांडशीनं उचलून त्यांच्या फडक्यावर ठेवली आणि त्यांनी एका दमात ती दांड्यावर सरकवली. खट्‌ असा आवाज झाला. जागेवर. घोंगडीच्या तुकड्याची नवी चकती कापून घातली. टोपी केरोसिननं तीनदा धुतली. मग इंजिन लागलं, पट्टा चढला आणि माझी चक्की असा काही गोड आवाज काढायला लागली की मला हुंदका आला. मिस्त्रींनी बशीतून तीन बशा चहा घेतला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेले.

मंगळवारी दिवसभर दळलं. सूर्य मावळायच्या आत शेवटचं पोतं पाटलांकडं पोचलं. भासरे लिंबाला म्हणाले, "पीठ बारीक आलं." देऊळगाव राजाच्या माणसाचं नाव त्यांनी काढलं नाही.

माझं मशीन वाचलं ते असं. पण मिस्त्रींचं काही वाचलं नाही. लग्नाच्या पंगतीतच कोणीतरी त्यांना "चकतीवाले मिस्त्री" म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. ज्या माणसानं सगळ्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या, त्याची एक चूक हाती लागल्यावर लोक ती सोडतात थोडीच? शेतात शिरले की लोक म्हणायचे, "राहू द्या आमचं इंजिन. तुमची चकती सांभाळा." बोलावणी कमी झाली. पाटलांनी जालन्याहून दुसरा मिस्त्री आणला. हे सगळं माझ्या चक्कीवरच बोललं जायचं, आणि मी खाली मान घालून पीठ भरत राहायचे. आज सांगेन, उद्या सांगेन. सांगितलं तर चक्की जाईल ही भीती होतीच, पण त्याहून लाजेचंच ओझं मोठं होतं.

वैशाखात एकदा मी माहेरून एस.टी.नं परत येत होते. गाडी चाक बदलायला थांबली. समोरून मिस्त्री येत होते, सायकल हातात. रस्त्याकडेच्या विहिरीवरचं इंजिन खोकत होतं. मलासुद्धा ते ऐकू आलं. मिस्त्री बांधाजवळ थांबले. मान वाकडी करून ऐकत राहिले. मी वाट पाहत होते की आता सायकल टेकवतील आणि शिरतील. त्यांनी सायकल टेकवली नाही. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मफलर सारखा केला आणि पुढं चालायला लागले.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चक्कीवर गर्दी होती. एक जण सांगत होता की त्याच्या इंजिनाची बेरिंग गेली आहे, मेहकरहून कोणाला तरी बोलावतोय. "आपला चकतीवाला नको बाप्पा," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, तसं सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उंबऱ्यात आले. समोर लिंबाखाली भासरे बसले होते. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला ठाऊक नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच, त्यांच्या तोंडाकडं पाहून मी बोलले.

"चकती जागेवर होती. म्या दसऱ्याले ग्रीसच्या टोपीत कुंकू भरलं होतं, अन् अक्षता. त्यानं बेरिंग गेली. मिस्त्रीची काही चूक नव्हती. माझी होती. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगतलं."

भासऱ्यांनी सवयीनं लिंबाकडं पाहिलं. मग ते उठले आणि घरात निघून गेले. मी इंजिन परत लावायला गेले तर हँडल तीनदा मारावं लागलं.

गोष्ट चिखलीला पोचायला तीन दिवस लागले. चक्की ठेवायची की देऊन टाकायची, हे त्या तीन दिवसांत भासऱ्यांनी लिंबालाही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी मिस्त्री आले. मला वाटलं होतं खूष होतील. ते रागानं लाल झाले होते. सायकलही टेकवली नाही. तशीच हातात धरून चक्कीच्या दारात उभे राहिले आणि लाइनीत उभ्या असलेल्या पंधरा बायकांसमोर माझ्यावर ओरडले.

"काऊन सांगतलं तुमी?"

"तुमचं नाव जाऊन राह्यलं होतं, चाचा."

"नाव कोणाचं होतं? माझं होतं ना? म्या माझ्या मर्जीनं दिलं होतं. जिंदगीभर खरं बोललो, एक डाव खोटं बोललो, ते बी तुमच्यानं सांभाळल्या गेलं नाही? दिलेली चीज कोणी वापस करते काय?"

तेव्हा मलाही राग आला. दोन महिन्यांचा साचलेला होता, माझ्यावरचाच, पण निघाला त्यांच्यावर.

"मशीन माझी आहे, चाचा," मी म्हटलं. "मंग तिची चूक बी माझीच राह्यली पाह्यजे. ती तुमाले देता येत नाही."

मिस्त्री माझ्याकडं पाहत राहिले. त्यांचा राग उतरताना दिसला. मग त्यांनी मान वळवली. भासरे लिंबाखाली आपल्या खाटेवर बसले होते.

"आयकलं काय?" मिस्त्रींनी त्यांना विचारलं. "मशीन हिची आहे म्हणते."

भासरे खाकरले.

"हाव," ते म्हणाले. "आयकलं."